भैया घरी नसताना

आमच्याकडे दसरा काढायला घेतला की तीन दिवस घरात कुणाला धड जेवण मिळत नाही. हे माझं नाही, ह्यांचं म्हणणं. वाकळा, गोधड्या, पडदे, पितळेची भांडी, माळ्यावरचं सगळं खाली येतं, धुतलं जातं, आणि त्यातलं निम्मं 'असू द्या, लागंल कधीतरी' म्हणत परत वर जातं. तुमच्याकडेही हेच होत असणार.

२०२४च्या दसऱ्याला माळ्यावरून एक खोकं निघालं. वर माझ्याच अक्षरात 'जुने वायर' असं लिहिलेलं. उघडलं तर आत मुलांचा व्हिडिओ गेम! पांढरा-मरून रंगाचं ते चपटं यंत्र, दोन रिमोट, काळा अडाप्टर आणि पिवळ्या-काळ्या पाच कॅसेटी. पांढरा रंग आता पांढरा कसला, जुन्या दातांसारखा पिवळा पडला होता. वायरीला मी त्या वेळी रबरबँड गुंडाळून ठेवले होते, ते वितळून प्लॅस्टिकला असे चिकटले होते की नखानंसुद्धा निघेनात.

मुलगा कॅनडात असतो. त्याला फोटो पाठवला. उत्तर आलं, 'मम्मी, हे सगळे गेम आता मोबाईलवर फुकट मिळतात. टाकून दे.' लेक पुण्यात बँकेत आहे. तिलाही तोच फोटो पाठवला होता. तिनं मेसेज पाहिल्याच्या दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर काही आलं नाही.

टाकून द्यायलाच काढलं होतं खरं. पण भंगारवाल्याला एकदा दिलं की ते परत येत नसतं, हा अनुभव माझा याच खोक्याच्या बाबतीत आहे. पूर्वी अशी दोन खोकी होती. दुसऱ्यात बंदूक होती, बदकं मारायची, आणि आणखी चार-पाच कॅसेटी. २०११ला घराला रंग दिला तेव्हा ते खोकं मी किलोच्या भावानं दिलं. किती आले तेही आठवत नाही.

हा गेम आमच्या घरी आला १९९८च्या फेब्रुवारीत. परभणीचा उरूस तुम्हाला माहीतच आहे. आम्ही जिंतूरकर दरवर्षी एसटीनं जायचो. पाळणे, मौत का कुआँ, बांगड्या, खाजा, आणि त्या वर्षी नवीनच आलेले हे गेमचे स्टॉल. मुलगा नऊ वर्षांचा, लेक सात वर्षांची. दोघंही त्या स्टॉलपुढून हलेनात. दुकानदार नऊशे सांगत होता, मी साडेसातशेला तोडला. माझी भिशी नुकतीच लागली होती. हे म्हणाले, 'पोरं अभ्यास सोडतील.' मी म्हटलं, 'सोडतील तेव्हा बघू.' घरात तेव्हा रंगीत टीव्ही येऊन वर्षच झालं होतं.

त्या काळात कुणाकडे समुराई नावाचं यंत्र होतं, कुणाकडे लिटल मास्टर. आमच्यावर एक इंग्रजी नाव होतं खरं, पण बनवणाऱ्या कंपनीचा पत्ता खोक्यावर शोधूनही सापडायचा नाही. आत मात्र मारिओ, कॉन्ट्रा, बदकांची शिकार, सगळं होतं. कॅसेटीवर '९९९९ गेम' छापलेलं. मुलानं एका सुट्टीत नेटानं मोजले. खरे गेम वीस-पंचवीसच, तेच उलटसुलट नंबरांनी परत परत. मी म्हटलं, साडीच्या सेलसारखंच आहे हे.

आता थोडं या गेमच्या माहेराबद्दल सांगते, कारण मलाही हे सगळं या खोक्यापायीच कळलं. मारिओ जपानच्या निनटेंडो कंपनीचा. ही कंपनी १८८९ साली क्योटो शहरात निघाली ती पत्ते बनवायला. फुलांची चित्रं असलेले जपानी पत्ते. आपल्या सावंतवाडीची गंजिफा असते ना, गोल, हातानं रंगवलेली, दशावताराची, त्याच जातीचा उद्योग. सावंतवाडीत एक वेळ अशी आली होती की गंजिफा रंगवणारे चितारी बोटांवर मोजण्याइतके उरले होते. तिथल्या राजघराण्यानं, विशेषतः राजमाता सत्त्वशीलादेवी भोसले यांनी, मनावर घेतलं, राजवाड्यातच कारागीर बसवले, म्हणून ती कला आज दिसते. जपानचे पत्तेवाले मात्र खेळण्यांकडे वळले, मग विजेच्या खेळांकडे. १५ जुलै १९८३ला त्यांनी घरच्या टीव्हीला जोडायचं एक यंत्र बाजारात आणलं, पांढरं आणि मरून. आमचं यंत्र म्हणजे त्याचीच नक्कल, रंगासकट. १९८५च्या सप्टेंबरात मारिओचा तो प्रसिद्ध गेम आला.

हा अख्खा गेम, बत्तीस टप्प्यांचा, गाण्यांसकट, केवळ ४० केबीचा आहे. सकाळी सकाळी आपल्याला ग्रुपवर फुलांचे फोटो येतात ना 'शुभ सकाळ'चे, त्यातला एकेक फोटो याहून मोठा असतो. इतक्या थोड्या जागेत सगळं बसवायचं म्हणून त्यांनी काय काय केलं! आकाशातला ढग आणि खालचं झुडूप नीट बघा, आकार एकच आहे. ढगाला पांढरा रंग, झुडपाला हिरवा. आपण रांगोळीचा एकच ठसा घेऊन दारात गुलाबी आणि तुळशीपाशी पिवळा उठवतो, तसं. काटकसर फक्त आपल्यालाच येते असं मला वाटायचं.

तर खोकं उघडलं आणि मी नेहमीसारखी कामाला लागले. इथंच माझं चुकलं. ओल्या फडक्यानं कॅसेटी पुसल्या, तर कॉन्ट्राच्या कॅसेटीवरचं चित्र फडक्याबरोबर निघून आलं. यंत्राचा पिवळेपणा जावा म्हणून ते गच्चीवर उन्हात ठेवलं, पापडांच्या शेजारी. ऊन दाखवलं की सगळं बरं होतं, हे आपल्या रक्तातच आहे. संध्याकाळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, तिथल्या पोराकडे घेऊन गेले. पोरगं पंचविशीतलं. त्यानं यंत्र हातात घेतलं आणि विचारलं, "काकू, उन्हात ठेवलं का काय?"

उन्हानंच ते पिवळं पडतं म्हणे. त्या काळच्या कडक प्लॅस्टिकमध्ये आग लागू नये म्हणून ब्रोमिनचं एक रसायन मिसळलेलं असायचं. उन्हातल्या किरणांनी आणि उष्णतेनं त्याचा रंग बदलतो. म्हणजे मी एका दिवसात त्याचं वय आणखी वाढवलं. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून पुन्हा पांढरं करणारे लोक आहेत, पण तो पांढरेपणा टिकेलच असं नाही आणि हात भाजतात ते वेगळं. मी म्हटलं, राहू दे पिवळं. माझे केस कुठं काळे राहिलेत!

त्या पोरानं मला दीड तास बसवून घेतलं. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, शिवाय त्यालाही हौस दिसली. कॅसेटीच्या खालच्या तोंडाला पितळी रंगाच्या दातांची ओळ असते. सगळा खेळ त्या दातांचा. ते काळवंडले की गेम चालत नाही, पडद्यावर नुसत्या रेघा येतात. आपली मुलं तेव्हा काय करायची? कॅसेट काढायची, तोंडात धरून बासरीसारखी फुंकायची आणि परत घालायची. चालायचा गेम! मीसुद्धा फुंकून दिलेली आहे कैक वेळा. पण फुंकीनं काहीच होत नव्हतं. कॅसेट काढून परत बसवली की दात नव्यानं घासून बसायचे, म्हणून चालायचं. फुंकीतली वाफ आणि थुंकी मात्र आत राहायची आणि दात आणखी गंजायचे. म्हणजे आपण रोग वाढवत होतो आणि गुण येतोय असं समजत होतो.

मग करायचं काय? कान साफ करायच्या कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावायचं. मोबाईलवाल्यांकडे असतं, 'आयपीए' म्हटलं की कळतं. ते घेऊन एकेका दातावरून हलक्या हातानं काडी फिरवायची. काडी काळी होते. ती टाकून दुसरी घ्यायची, ती स्वच्छ निघेपर्यंत. पूर्ण वाळू द्यायचं आणि मगच यंत्रात घालायचं. पाणी नको, रॉकेल नको, नारळाचं तेल तर अजिबात नको (हे मी विचारलं होतं). शाई खोडायच्या खरखरीत खोडरबरानं घासू नये, वरचा मुलामा निघून जातो.

अडाप्टरवर तर त्यानं मला चांगलंच झापलं. मी घरातला दुसराच, राऊटरचा, लावून बघणार होते. पिन बसत होती ना! पण पिन बसली म्हणून अडाप्टर चालतो असं नाही. त्यावर किती व्होल्ट आहे ते लिहिलेलं असतं आणि एक छोटंसं गोल चित्र असतं, अधिक आतल्या बाजूला का वजा हे दाखवणारं. या यंत्रांचं चित्र बऱ्याचदा आजच्या अडाप्टरच्या उलटं असतं. उलटा लावला की यंत्र गेलं. आमचा जुना अडाप्टर गुरगुरत होता, त्यानं तो बदलून तेवढ्याच व्होल्टचा, त्याच चित्राचा दुसरा दिला. हातात धरायचे ते सेलवरचे विटांचे गेम तुमच्याकडे असतील, रशियातल्या अलेक्सी पाजितनोव्ह यांनी १९८४ साली काढलेल्या टेट्रिसचे ते चुलतभाऊ, तर त्यातले सेल आधी काढून ठेवा. गळलेला सेल आतल्या पट्ट्या खाऊन टाकतो.

ठेवण्याचंही शास्त्र आहे. रबरबँड नको, वायरीचं सैल वेटोळं करून सुती नाडीनं बांधायचं. डांबरगोळ्या साडीला ठीक, पण त्यांच्या वाफेनं काही प्लॅस्टिक मऊ पडतं. त्याऐवजी नव्या पर्समध्ये, बुटांच्या खोक्यात त्या दाणेदार पुड्या निघतात ना, 'खाऊ नका' लिहिलेल्या, त्या टाकायच्या. पावसाळ्यात ओल धरत नाही. मी त्या आजवर फेकत आले. आता एका बरणीत साठवतेय, ह्यांना वाटतं काहीतरी मुखवास आहे.

किमतीचा विषय मात्र मी काढला नव्हता, तो भाच्यानं काढला. त्यानं फोटो कुठंतरी इंटरनेटवर टाकला आणि तिसऱ्या दिवशी पुण्याच्या एका गृहस्थांचा मला फोन. आवाजावरून चाळिशीचे असतील. ते जुने गेम जमवतात. पहिला प्रश्न, "खोकं आहे का, काकू?" मी म्हटलं आहे. "आतला थर्माकोल? वापराची पुस्तिका? वॉरंटीचा कागद?" मला हसू आलं. मुलगी बघायला आल्यासारखं विचारत होते. मग त्यांनी कॅसेटीचं झाकण स्क्रू काढून उघडायला सांगितलं, मोबाईलवाल्या पोरानं उघडलं. आत चौकोनी काळी चिप नव्हती, डांबराचा थेंब पडल्यासारखा एक काळा गोळा होता. "मग ही नक्कल आहे," ते म्हणाले. "अस्सल निनटेंडोच्या कॅसेटीत नीट बसवलेल्या, नंबर असलेल्या चिपा असतात. पण नकलेलाही आता गिऱ्हाईक आहे, कारण आपण सगळे नकलेवरच वाढलो. बाराशे देतो. बंदूक असती तर दोन हजार दिले असते."

बंदूक! माझ्या पोटात कालवलं.

त्यांच्याकडून मला कळलं ते सांगते. जुन्या गेमची किंमत जुनेपणावर ठरत नाही. किती बनले, किती उरले आणि कोणत्या हालतीत उरले, यावर ठरते. आपल्याला हे शिकवायला नको. आजेसासूची पैठणी कपाटात आहे, पण तिची घडी मोडली की न मोडलेली, यावर आपणच किती बोलतो! गेमचंही तेच. २०२१च्या जुलैत अमेरिकेत मारिओच्या १९९६च्या एका गेमचं सीलबंद खोकं १५ लाख ६० हजार डॉलरला लिलावात गेलं, म्हणजे साडेअकरा कोटी रुपयांच्या आसपास. पुढच्याच महिन्यात १९८५च्या मारिओचं सीलबंद खोकं २० लाख डॉलरला विकलं गेलं. दोन्ही कधीच उघडलेली नाहीत, कुणी खेळलेलंच नाही. या किमती फुगवलेल्या आहेत असं म्हणणारेही पुष्कळ आहेत, आणि मला ते पटतं. न खेळलेला खेळ अकरा कोटीला घेऊन करायचं काय? पण न नेसलेली पैठणी ठेवणारीच मी, मी कोण बोलणार.

भंगाराची गोष्ट त्याहून मजेदार आहे. अटारी नावाच्या अमेरिकन कंपनीचा एक गेम पडला, खपेना. तेव्हा त्यांनी १९८३ साली ट्रक भरभरून कॅसेटी न्यू मेक्सिको राज्यातल्या आलामोगोर्डो गावाच्या कचरा डेपोत पुरल्या. एकतीस वर्षांनी, २०१४ साली, लोकांनी तो डेपो खणला आणि कचऱ्यातून निघालेल्या त्याच कॅसेटी लिलावात विकल्या. एक तर थेट तिथल्या सरकारी संग्रहालयात गेली. हे ऐकल्यावर ह्यांनी लगेच विचारलं, "आपला भंगारवाला कुठं पुरत असंल?"

तर पुण्याच्या गृहस्थांना पुस्तिका हवी होती. खोक्यात थर्माकोल होता, त्याच्या खाली पुठ्ठा होता, पुठ्ठा उचलला. पुस्तिका नव्हती. दोन रेघी वही होती, शाळेची, अर्धी फाडलेली. पहिल्या पानावर वर अधोरेखित केलेलं: 'भैया घरी नसताना'.

अक्षर लेकीचं.

खाली रकाने पाडलेले. तारीख, वेळ, कुठपर्यंत गेले, कशी मेले. 'लाईट गेली' असं बऱ्याच ठिकाणी. 'आजी उठली' असंही. एका ठिकाणी 'मम्मी आली, पोळ्या'. मी तिथंच माळ्याच्या शिडीखाली बसले.

मैत्रिणींनो, खरं सांगते, त्या गेमवर माझ्या घरात जेवढी भांडणं झाली तेवढी जमिनीच्या बांधावरून नसतील झाली. आणि प्रत्येक भांडणात निकाल मीच द्यायचे: "भैयाला खेळू दे, तू कणीक मळ." मी असंच म्हणायचे. मुलगा मित्रांना घेऊन यायचा, चार पोरं टीव्हीपुढं, आणि ती दारात उभी राहून बघायची. एकदा म्हणाली, "मम्मी, मला एक डाव दे म्हण की त्याला." मी म्हटलं, "पोरीच्या जातीला काय करायचंय त्या बंदुका-बिंदुकांचं?" हे वाक्य माझ्या आईचं नव्हतं, माझ्या सासूचं नव्हतं, माझंच होतं. बसस्टँडजवळ तासावर पैसे घेऊन गेम खेळू देणारं दुकान निघालं, तिथंही पोरंच. पोरगी तिथं पाऊल टाकणं शक्यच नव्हतं, आणि मीही टाकू दिलं नसतं.

२००४च्या जूनमध्ये मुलगा दहावीला गेला आणि मी गेम कपाटात कुलूप लावून ठेवला. किल्ली देव्हाऱ्यामागं. तेव्हापासून हा गेम बंदच होता, असं मी आजपर्यंत समजत होते. वहीत २००४च्या जूननंतर चौदा पानं आहेत! तारखा बघितल्या. सगळे गुरुवार. गुरुवारी दुपारी मी भजनी मंडळात जायचे, मुलगा क्लासला, तिची शाळा सकाळची. सासूबाई आतल्या खोलीत झोपलेल्या. मी तिकडं टाळ वाजवतेय आणि इकडं माझी लेक देव्हाऱ्यामागून किल्ली काढतेय.

शेवटची नोंद २० जानेवारी २००५ची. 'आठवा किल्ला. संपला.' पुढं काही नाही. उद्गारचिन्हसुद्धा नाही.

हा गेम खेळलेल्यांना माहीत असेल, राजकन्येला सोडवायचं असतं आणि सात किल्ले जिंकले तरी ती भेटत नाही, दरवेळी दुसरंच कुणीतरी असतं, राजकन्या पुढच्या किल्ल्यात. आठव्यात भेटते. मध्येच लाईट गेली की परत पहिल्यापासून, कारण या यंत्रात काही साठवून ठेवता येत नाही. आणि २००५चं लोडशेडिंग आठवा. आमच्या मुलानं हा गेम कधीच पूर्ण केला नव्हता. त्याच्या चार मित्रांपैकी कुणीच नाही. मला हे माहीत आहे, कारण ते पूर्ण करणाऱ्याला पाणीपुरी द्यायची अशी पैज होती आणि ती पाणीपुरी कुणी खाल्ली नाही.

संध्याकाळी तिला फोन लावला. म्हटलं, "तुझी वही सापडली."

बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "रागावलीस का?"

तेहतीस वर्षांची बाई, बँकेत हाताखाली सहा माणसं, पोटी सात वर्षांची मुलगी, आणि मला विचारतेय रागावलीस का!

"सांगितलं का नाहीस गं? पाणीपुरी तरी मिळाली असती."

"सांगितलं असतं तर किल्ली कुठं ठेवली असतीस?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. थोड्या वेळानं तीच म्हणाली, "आई, शेवटी राजकन्या भेटली की एक गाणं वाजतं म्हणे. मी ऐकलंच नाही. आजी उठंल म्हणून आवाज बंद ठेवायचे ना." मी म्हटलं, आता मोबाईलवर सगळं मिळतं, ऐक की. ती म्हणाली, "नको. ऐकलं तर खेळूनच."

इकडं मुलाला बाराशे रुपयांचं आणि साडेअकरा कोटींचं कळलं होतं. भाचा काहीही सांगतो त्याला. लगेच फोन. "मम्मी, विकू नको. माझाय तो. पार्सल कर, माझ्या पोराला दाखवतो." मी म्हटलं, "तूच म्हणालास ना टाकून दे?" "तेव्हा लक्षात आलं नव्हतं." मग जरा वेळानं, "तिला हवाय का? पण माझ्यासाठीच घेतला होतास ना तू?"

इथं मला राग यायला हवा होता, तर हसू आलं. त्याचंही चुकत नव्हतं, त्याला तसं वाढवलं कुणी? मी म्हटलं, "हे बघ, तो तुझा नाही आणि तिचाही नाही. भिशीचे साडेसातशे माझे होते. माझा आहे. माझ्या कपाटात राहील. ज्याला खेळायचंय त्यानं जिंतूरला यावं." कॅनडातून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग म्हणाला, "तिनं खरंच संपवला का?" मी वहीचं पान वाचून दाखवलं. "आयला," एवढंच म्हणाला. आणि तिला पाणीपुरीचे पैसे पाठवले म्हणे, दोन प्लेटचे.

पुण्याच्या गृहस्थांना मी नाही म्हणून कळवलं. त्यांनी आग्रह केला नाही. उलट म्हणाले, "काकू, वही जपा. खोकी मला रोज मिळतात, वही कुठंच मिळत नाही." अमेरिकेत जुने गेम जपणारी एक संस्था आहे, तिनं २०२३ साली मोजून काढलं की तिथं २०१०च्या आधी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज दुकानात विकत मिळतच नाहीत. तरी ते गेम कुणाच्या ना कुणाच्या माळ्यावर असतील. पण कोण खेळलं, कसं खेळलं, लाईट कधी गेली, हे कुठं मिळणार? पुण्याला केळकर संग्रहालयात मला लेकीनं नेलं होतं. दिनकर केळकरांनी आयुष्यभर लोकांच्या घरातल्या वस्तू जमवल्या, अडकित्ते, दिवे, फण्या, पाय घासायच्या वज्री, आणि त्या संग्रहाला त्यांच्या लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव दिलं. १९७५ साली सगळा संग्रह सरकारला दिला. तिथल्या वज्रीसमोर उभी राहून मी विचार करत होते, ही कुणी वापरली असेल? तिथं पाटी आहे, पण त्या बाईचं नाव नाही.

भाऊबीजेला लेक आली, नात घेऊन. भाऊ नव्हता, व्हिडिओवर ओवाळलं. मी शेजाऱ्यांकडून जुना डबा टीव्ही मागून आणला होता, त्यांच्या ओसरीत टोपल्या ठेवायला वापरत होते. सपाट टीव्हीवरही लागतो गेम, मागं पिवळी-पांढरी पिन असेल तर, पण डबा टीव्हीवर तो जसा दिसायला हवा तसा दिसतो. बंदूक असती तर डबा टीव्हीच लागला असता. त्या बंदुकीतून काही सुटत नाही, उलट ती बघते. घोडा दाबला की पडदा डोळा मिटल्यासारखा काळा होतो, बदकाच्या जागी क्षणभर पांढरा चौकोन उमटतो, नळीतल्या इवल्या डोळ्याला तो दिसला की बदक पडलं. नव्या टीव्हीवर चित्र किंचित उशिरा येतं, म्हणून नेम लागतच नाही. जुना टीव्ही घेतलात तर एक लक्षात ठेवा, मागचं झाकण घरी उघडू नका. बंद करून ठेवलेल्यातही विजेचा मोठा दाब साठलेला असू शकतो.

रात्री जेवणं झाल्यावर ती बसली मांडी घालून. हातात रिमोट घेतला आणि पाठ अशी वाकवली की मला ती दारात उभी असलेली सात वर्षांची पोरगी दिसायला लागली. नात म्हणाली, "आज्जी, हा सारखा मरतो का गं?" लेक म्हणाली, "आई, आवाज वाढव." मी वाढवला. तिनं मागं वळून न बघता सांगितलं, "अजून." ह्यांनी आतून ओरडून विचारलं काय चाललंय, तरी वाढवला.

पहिले तीन किल्ले तिनं झपाट्यानं मारले. चौथ्यात अडकली, बोटं विसरलीत म्हणाली. पाचव्यात दोनदा मेली आणि तिसऱ्यांदा निघणार तेवढ्यात लाईट गेली. नात रडायला लागली, सगळं गेलं म्हणून. लेक अंधारात हसत होती. "पहिल्यापासून," ती म्हणाली, "मेणबत्ती आण आई, आणि ती वही दे, आजची तारीख लिहू."

मी वही दिली. तिनं लिहिलं, खालच्या रकान्यात 'लाईट गेली'. मग वरचं शीर्षक खोडून काही दुसरं लिहायला गेली, पण नातीनं पेन ओढून घेतलं आणि म्हणाली, माझ्या नावाचाही रकाना पाड.